कुलूप लावल्याबद्दल अभिनंदन

प्रति,
मा. मुख्याध्यापक आणि शिस्त समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : मधल्या सुट्टीतील ग्रंथालय-प्रवेशाचे नवे नियम

महोदय,

ग्रंथालयाच्या दारावरची आपली सूचना माझ्या सातवीतल्या मुलीने वहीत उतरवून आणली. वाचून ऊर भरून आला. पुस्तकं आणि मुलं यांना एकमेकांपासून जपायला हवं, हे आम्हा पालकांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पहिलंच कलम बघा. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जायचं तर वर्गशिक्षकांच्या सहीची चिठ्ठी हवी. वर्गशिक्षक त्या वेळी शिक्षक-खोलीत डबा खात असतात आणि शिक्षक-खोलीत मुलांना यायला मनाई आहे. इतकं चोख कलम लिहायला अनुभव लागतो. तरीही एखादी चिवट मुलगी चिठ्ठी मिळवतेच. मग ओळखपत्र जमा करणं, चपला बाहेर काढणं आणि नोंदवहीत नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, वेळ व 'येण्याचे कारण' भरणं. कारण म्हणून 'वाचायला' लिहिलं की 'काय वाचायला?' असा पुढचा प्रश्न येतो. 'बघून ठरवते' म्हणणारीला परत पाठवतात. सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात हात धुवायची रांग, डबा, पुन्हा नळाची रांग. पुस्तक हातात पडेपर्यंत घंटा होते आणि शिस्तही अबाधित राहते.

कपाटांना काचा ठेवल्यात, हे मात्र फार बरं केलंत. 'फास्टर फेणे' आत आहे, हे मुलांना बाहेरून दिसतं तरी. तो मागायचा झाल्यास दाखल क्रमांक सांगायचा आणि दाखल क्रमांक पुस्तकाच्या आतल्या पानावर असतो. शालेय मंत्रिमंडळात एक ग्रंथालयमंत्रीही आहे म्हणे. तिलाही चिठ्ठी लागते, हे ऐकून कायद्यापुढे सगळे समान असल्याची खात्री पटली.

आपली बाजू मला कळत नाही असं समजू नका. ग्रंथपाल अर्धवेळ. त्यांच्याकडेच शिष्यवृत्तीचे अर्ज, त्यांच्याकडेच गैरहजर शिक्षकांचे तास. पावसात मैदानावरची सगळी पोरं ओल्या चपलांनिशी आत घुसतात, कोपऱ्यात भेंड्या रंगतात, एखादा चिवड्याचा हात थेट विश्वकोशावर पुसतो. हे सगळं खरं आहे. आणि वर्षाअखेर मोजणीत एक पुस्तक कमी भरलं, तर खुलासा ग्रंथपालांनाच द्यायचा. याउलट वर्षभरात एकही पुस्तक कुणी उघडलं नाही, तर खुलासा कुणालाच द्यावा लागत नाही. अशा हिशेबात कुणीही शहाणा माणूस कुलूपच विकत आणेल.

मात्र दिल्लीतल्या मंडळींना हे शहाणपण अजून पुरतं साधलेलं नाही. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतला २१५वा नियम, असं म्हटलं आहे की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी समजावं. लबाडी किंवा निष्काळजीपणा तेवढा नसावा. आपली शाळा त्या नियमाखाली येत नाही, पण गणित बघण्यासारखं आहे. हजार दिली तर पाचांची सूट. आपण शून्य देतो, म्हणून सूटही शून्य. आपली मोजणी इतकी काटेकोर का भरते, ते आत्ता उमगलं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकंसुद्धा हवीत, असं लिहिलं आहे. हवीत म्हटलंय, ती आपल्याकडे आहेतच. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा पहिला. वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. चौथा तर आपण मनावरच घेतलात. आत जाताच आलं नाही की वाचकाचा सगळाच वेळ वाचतो.

एक भाबडी सूचना करू का? ग्रंथालयमंत्र्यांच्या हाताखाली आठवी-नववीतली चार मुलं रोज आळीपाळीने बसवली आणि काचेबाहेर दोनशे जुनी पुस्तकं टेबलावर मोकळी मांडली, तर ग्रंथपालांना निदान डबा खाता येईल. दहा-बारा फाटतील, दोन-चार कायमची कुणाच्या तरी दप्तरात जातील. ज्या पोराला पुस्तक चोरावंसं वाटलं, त्याला खरं तर बोलावून आणखी एक द्यायला हवं. पण जाऊ द्या, असल्या कल्पना शिस्त समितीपुढे ठेवायच्या नसतात.

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, कपाटं उघडणार आणि छायाचित्रकार येणार असल्याचं कळलं. मुलांनी पुस्तक कोणत्या पानावर उघडून धरायचं, ते आदल्या दिवशी कळवावं, म्हणजे घरी सराव करून घेता येईल.

आपली नम्र,
एक पालक

ता. क. : नवे नियम लागू होण्याआधी मुलीने 'गोट्या' घरी आणलं होतं. ते परत करायलाही मधल्या सुट्टीतच यावं लागतं आणि चिठ्ठी अजून मिळालेली नाही. दरम्यान तिचं वाचून झालं, धाकट्याने सुरू केलंय, शेजारच्या दोघांनी नंबर लावलेत. दंड किती होतो ते कळवावं. भरायला आम्ही तयार आहोत. चिठ्ठीची घाई नाही.