मानाची शाल, वयाची अट

फेब्रुवारी उलटला की आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये सत्काराला बायका कमी पडायला लागतात. पाणी इथे दिवसाआड येतं. पण आठ मार्चच्या आठवड्यात तेजस्विनी, हिरकण्या आणि रणरागिणी रोज येतात, दोन्ही वेळा आणि पूर्ण दाबाने. चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहाची तारीख मिळत नाही, संत तुकारामनगरातलं अत्रे रंगमंदिर भरलेलं असतं आणि फेटे बांधणारा फोन उचलत नाही. असल्या सोहळ्यांचं सूत्रसंचालन करून ज्याच्या घशाची वाट लागली आहे, त्याने होतकरू भाऊंना चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या मजकुराचा हेतू.

आधी फ्लेक्स. भाऊंचा फोटो कमरेपर्यंत, हात जोडलेला. सत्कारमूर्तींचे फोटो खाली ओळीने, आधार कार्डावरच्या मापाचे. पालिकेच्या 128 जागांपैकी निम्म्या महिलांच्या, तेव्हा ‘निमंत्रक’ म्हणून वहिनींचं नाव टाकायला विसरू नका. त्या भाऊंच्या खांद्यामागून जराशा दिसल्या तरी पुरे. प्रभाग राखीव झालाच, तर पुढे सरकवता येतात.

मग सेलिब्रिटी. मानधनाचं बघता येईल, चेहरा मात्र ‘फ्रेश’ हवा. चाळिशीतली अभिनेत्री सुचवणाऱ्याला समितीतून हळूच वगळा. नायक साठीचा चालतो. नव्हे, साठीतच तो मुरतो. याला कुणी भेदभाव म्हणालं तर ऐकून घेऊ नका, ही परंपरा आहे. 1970 चा ‘जॉनी मेरा नाम’ घ्या. नायक देव आनंद 47 वर्षांचे, नायिका हेमामालिनी 22 च्या. देव आनंद आणि प्राण या दोन भावांची आई झालेल्या आपल्या सुलोचनादीदी 42 च्या. म्हणजे आई एका मुलाहून पाच वर्षांनी लहान आणि दुसऱ्याहून आठ. वैद्यकशास्त्राला जे जमलं नाही, ते मेकअपवाल्याने केसांना पांढरी पावडर लावून करून दाखवलं.

पुढे दोन्ही मुलांनी नाव काढलं. देव आनंदना 2002 चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, प्राणना 2012 चा. आईला महाराष्ट्र भूषण मिळाला. फाळके काही मिळाला नाही आणि 2023 मध्ये ती गेली. ‘दीवार’च्या घरात तरी वेगळं काय झालं? शशी कपूरना 2014 चा फाळके, अमिताभना 2018 चा. निरुपा रॉय मुलाच्या वाट्याला आल्या, फाळके त्यांच्या वाट्याला आला नाही. 2000 चा पुरस्कार आशा भोसले यांना मिळाला, त्यानंतर यादीत बाई दिसली ती 2020 ची आशा पारेख. दोन आशांच्या मधे ओळीने 19 पुरुष.

रीमा लागू तर संजय दत्तहून जेमतेम एक वर्षाने मोठ्या. 1999 च्या ‘वास्तव’मध्ये त्या त्याची आई झाल्या. मुलाला फिल्मफेअरची बाहुली मिळाली, आईला सहायक अभिनेत्रीचं नामांकन. आता या ‘सहायक’ बाईंना पडद्यावरून काढून बघा, संजय दत्त कुणासमोर रडतो ते.

सिनेमावाल्यांना साहित्यिकांनी हसू नये. पहिलं संमेलन 1878 साली भरलं, पहिली अध्यक्षा मिळाली 1961 साली, कुसुमावती देशपांडे. आपल्या हद्दीला खेटून असलेल्या आळंदीत 1996 साली शान्ता शेळके अध्यक्ष झाल्या, त्या तिसऱ्या. 2025 च्या दिल्लीतल्या 98 व्या संमेलनापर्यंत हा आकडा सहावर पोचला. गाडी पुढे सरकते आहे हे खरं. संध्याकाळी सहाला नाशिक फाट्यावर सरकते तशी.

आता भाषण. पाहुणीला आधीच सांगून ठेवा की, ‘मी फेमिनिस्ट वगैरे नाही बरं का’ हे वाक्य सुरुवातीलाच घ्यायचं. पहिल्या रांगेतले सफारीवाले निश्चिंत होतात आणि तिथूनच टाळ्या सुरू होतात. भाऊंनी मात्र सुधा मूर्तींच्या पोस्टकार्डाशिवाय उभं राहू नये. 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, तेव्हाच्या सुधा कुलकर्णींनी थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं आणि नोकरी मिळवली. टेल्को आपल्या पिंपरीतली, त्यामुळे इथे टाळ्या दुप्पट.

आता तशी जाहिरात कोण देतो? चाकणला तळेगाव चौकातल्या खांबावर नेमका उलटा कागद चिकटवलेला असतो : ‘मुली पाहिजेत. वय 18 ते 26. अविवाहितांना प्राधान्य. बस, कॅन्टीन मोफत.’ बोटं बारीक, मान खाली, युनियनची भानगड नाही, आणि सत्ताविसावं लागायच्या आत मुदत संपते. सिनेमातल्या नायिकेची आणि लाइनवरच्या हेल्परची वयाची अट एकच निघावी, हा निव्वळ योगायोग. नायिकेला पुढे निदान आईचं काम तरी मिळतं. आणि पोस्टकार्ड टाकायचं तर कुणाला? कागदाच्या तळाशी पत्ता नसतो, फक्त ठेकेदाराचा मोबाइल नंबर असतो.

शेवटी प्रत्यक्ष सत्कार. मंचावर खुर्च्या अकरा. नऊ भाऊंच्या माणसांना, एक पाहुणीला, एक वहिनींना. सत्कारमूर्ती विंगेत उभ्या. नाव पुकारलं की यायचं, शाल, रोपटं आणि ट्रॉफी घ्यायची, कॅमेऱ्याकडे बघायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. मनोगत नाही, वेळ नसतो. सूत्रसंचालकाने फार तर ‘घर आणि नोकरी कसं सांभाळता?’ एवढं विचारावं आणि उत्तर येण्याआधी पुढचं नाव पुकारावं.

मागच्या मार्चमध्ये एका मुलीने हा शिस्तीचा कार्यक्रम बिघडवला. चाकणच्या एका असेंब्ली लाइनवरची, फर्स्ट शिफ्ट करून तशीच आलेली, पायात अजून सेफ्टी शूज. भाऊंनी शाल घातली, ट्रॉफी पुढे केली. तिने ती घेतलीच नाही. माइक माझ्या हातात चालू होता, त्यामुळे पुढचं सगळ्या सभागृहाने ऐकलं.

“भाऊ, ट्रॉफी राहू द्या. कंपनीत तुमची ओळख असेल तर पर्मनंटचं बघा ना. पुढच्या महिन्यात सत्तावीस लागतंय मला.”

सभागृह गप्प. वहिनींनी मान वर केली. भाऊ मात्र मुरलेले. त्यांनी ट्रॉफी तिच्या हातात कोंबली, फोटोग्राफरला खूण केली आणि माइक ओढून तिथल्या तिथे शब्द दिला :

“ताई, काळजी करू नका. पुढच्या वर्षी तुम्हाला जीवनगौरव!”