सभेत बंदूक कशाला?

अमेरिकेतल्या गावोगावच्या कौन्सिल बैठकीत सामान्य माणसाला बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. विषय काय, तर गटार, पार्किंग, घरपट्टी. मागच्या रांगेत एक जण कमरेला पिस्तूल लावून बसलाय. तुमचं लक्ष हातातल्या कागदावर राहील?

मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या उपनगरांत आपली मराठी मंडळीही राहतात. चार गोऱ्या चेहऱ्यांसमोर माइक धरायला आधीच धीर लागतो. त्यात हे.

‘‘घटनेने दिलेला हक्क आहे!’’ आहे ना. पण 2008च्या हेलर खटल्यात ज्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क व्यक्तीचा मानला, त्यानेच शाळा आणि सरकारी इमारतींतल्या बंदीला धक्का लावला नाही. 2022च्या ब्रुएन निकालात अशा बंदीच्या जागा म्हणून विधिमंडळं, मतदान केंद्रं, न्यायालयं यांचाही उल्लेख झाला. निकालाचं हे पान हक्कवाले उलटतच नाहीत.

आणि त्याच न्यायालयाच्या इमारतीत पिस्तूल नेता येतं का? नाही.

गावाने मात्र ‘नको’ म्हणायची सोय नाही. मिशिगनमध्ये 1990च्या कायद्याने शहरांचा, गावांचा हा अधिकारच काढून घेतला. पेन्सिल्व्हेनियातही तीच गत. सभागृह गावाचं, हुकूम राजधानीचा.

मग 30 एप्रिल 2020 रोजी रायफलवाले निदर्शक मिशिगनच्या त्या राजधानीत, लॅन्सिंगच्या विधान भवनातच जाऊन उभे राहिले. काही आमदार बुलेटप्रूफ जॅकेट घालून बसले. जानेवारी 2021मध्ये तिथे उघड शस्त्रांवर बंदी आली.

विधान भवनापुरती.

त्याच जानेवारीत मिशिगनच्याच ग्रँड ट्रॅव्हर्स काउंटीची बैठक ऑनलाइन भरली होती. एका रहिवासी बाईंनी ‘प्राउड बॉइज’ या कट्टर उजव्या संघटनेचा निषेध करा, अशी मागणी केली. एक कमिशनर उठले, कॅमेऱ्याबाहेर गेले आणि रायफल घेऊन परतले. ती कॅमेऱ्यासमोर धरली. अध्यक्ष हसले. बाई कोर्टात गेल्या आणि 2023मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा दावा पुढे चालू दिला. लोकप्रतिनिधीला नागरिकाने प्रश्न विचारायचा आणि त्याने बंदूक दाखवायची, याला कोणत्या लोकशाहीत उत्तर म्हणतात?

‘‘स्वसंरक्षणासाठी लागते हो!’’ हा पुढचा मुद्दा. बघू.

न्यूयॉर्क, 2003. नगरसेवक जेम्स डेव्हिस माजी पोलीस, अंगावर परवान्याचं पिस्तूल. सभागृहाच्या सज्जात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी त्यांचाच पाहुणा म्हणून मेटल डिटेक्टर चुकवून आत आला होता. परवाना, प्रशिक्षण, पिस्तूल, सगळं होतं. उपयोग शून्य.

कर्कवुड, मिसुरी, 2008. मारेकऱ्याने आधी बाहेर एका पोलिसाला मारलं, त्याचीच बंदूक घेतली आणि कौन्सिलच्या बैठकीत शिरला. आत आणखी एक पोलीस होता. तोही गेला.

रॉस टाउनशिप, पेन्सिल्व्हेनिया, 2013. तिघांचा बळी घेणाऱ्याला शेवटी कोणी आडवा पाडला? सभेला आलेल्या माणसांनी. झडप घालून, रिकाम्या हातांनी.

जो गोळ्या घालायला येतो, तो दुसऱ्याच्या कमरेचं पिस्तूल बघून परत फिरत नाही. बिचकतो तो गटाराची तक्रार घेऊन आलेला माणूस. तो पुढच्या बैठकीला येत नाही आणि त्याची खुर्ची रिकामी का, याची नोंद कुठल्याच इतिवृत्तात होत नाही.

व्हर्जिनियाने 2020मध्ये कायदा बदलला. स्वतःच्या इमारतीत बंदूक येऊ द्यायची की नाही, हे तिथली शहरं आणि काउंट्या आता स्वतः ठरवतात. आदल्याच वर्षी व्हर्जिनिया बीचच्या पालिका इमारतीत 12 जणांचा जीव गेला होता.

एवढा साधा अधिकार मिशिगन आणि पेन्सिल्व्हेनियाच्या गावांना द्यायला तिथले आमदार कशाची वाट बघताहेत?