दोन सेकंदांत निकाल देणाऱ्या समितीस

प्रति,
माननीय पुनर्विलोकन समिती (फोन टॅपिंग), नवी दिल्ली

विषय : कामाच्या वेगाबद्दल अभिनंदन

महोदय,

सरकारी काम रेंगाळतं, असं यापुढे माझ्यासमोर कुणी बोलायचं नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८च्या अहवालात नोंदवून ठेवलंय : आपण दोन महिन्यांतून एकदा बसता आणि त्या बैठकीत तपासायला १५ ते १८ हजार टॅपिंग-आदेश असतात. कागदावर हिशेब मांडला. चहालाही न उठता सलग आठ तास बसलात, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंद येत नाहीत. तेवढ्यात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव अशा तिघांनी वाचायचं, विचार करायचा आणि मत द्यायचं! अहवालाने हे काम अवास्तव ठरवलं. मत्सर, दुसरं काय.

शिवाय सगळा घरचा कारभार. आदेशावर सही गृहसचिवांची, तपासणार त्यांचेच सहकारी. टॅपिंगआधी न्यायाधीशांची परवानगी घ्यावी, अशी मागणी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात झाली होती. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली आणि आपल्या समितीची सोय केली. बरंच झालं, न्यायाधीशांना वाचायची खोड असते. मुंबई उच्च न्यायालयाचंच बघा. लाचेच्या एका प्रकरणात २००९-१०मध्ये निघालेले तीन आदेश त्यांनी २०१९मध्ये रद्द केले, वर ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. कारण काय, तर ना सार्वजनिक आणीबाणी होती, ना सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न. या अटी १८८५च्या टेलिग्राफ कायद्यात इंग्रजांनीच घालून ठेवल्या होत्या. पण दोन सेकंदांत माणूस कलम वाचणार की सही बघणार?

त्या प्रकरणात ज्यांचा फोन ऐकला, त्या गृहस्थांना निदान खटल्यामुळे कळलं तरी. बाकीच्यांना कळवण्याची तरतूदच नियमांत नाही. सातबाऱ्यावर फेरफार घ्यायचा तर तलाठी नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस देतो. अर्ध्या गुंठ्याला एवढा मान! माझ्या बोलण्यावर हरकत घ्यायची, तर आधी ते कुणी ऐकतंय हे मला कळायला हवं. ते कळू द्यायचं नाही. आपल्यासमोर ऐकणाऱ्यांचे कागद येतात. ज्याचं ऐकलं त्याला बोलावणं नसतं.

२०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला, २०२४च्या डिसेंबरात नवे नियम आले, तेव्हा मी जरा धास्तावलो होतो. आपल्यात एखादा बाहेरचा माणूस, न जाणो निवृत्त न्यायाधीशच, आणून बसवतात की काय! तसं काही झालं नाही. तिन्ही खुर्च्या जागच्या जागी आहेत.

एक छोटी विनंती मात्र आहे. काँग्रेस नेते नाना पटोले यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाखाली ऐकला गेल्याचा आरोप २०२१मध्ये विधानसभेत झाला होता. पुढे गुन्हा दाखल झाला, २०२३मध्ये उच्च न्यायालयात तो रद्दही झाला. तो विषय राज्याचा, मी त्यात पडत नाही. पण माझा नंबर आपल्यापुढे आलाच, तर तो माझ्याच नावाने यावा. खात्री करायला वेगळा फोन करण्याची तसदी घेऊ नका. कुरिअरवाल्याला मी पूर्ण नाव सांगतो, वडिलांच्या नावासकट, आणि त्याला ऐकू जात नाही म्हणून दोनदा सांगतो.

कळावे.