साखर सोडलेला प्रियकर

माणसानं दारू सोडली की त्याच्या दोन-चार जुन्या मित्रांना त्रास होतो. साखर सोडली की सगळ्या बिल्डिंगला होतो.

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, बँकेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांचं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. उंबरठ्यावर उभा राहिलेला माणूस आत जात नाही, बाहेर येत नाही, फक्त सगळ्यांची वाट अडवतो. भाऊजी तेव्हापासून तिथेच उभे आहेत. लग्नाला गेले की जिलेबीच्या काउंटरपाशी थांबून एका वेढ्यात किती चमचे साखर असते ते अनोळखी माणसांना सांगतात. संक्रांतीला तिळगूळ हातात घेऊन आधी ‘गूळ सेंद्रिय आहे का?’ विचारतात, मग गोड बोलतात. असा एक गृहस्थ तुमच्याही घरात असेल. नसला तर पुढच्या ब्लड रिपोर्टपर्यंत थांबा.

एरवी हा उपद्रव तोंडी असतो. १४ फेब्रुवारीला तो स्वयंपाकघरात शिरतो.

व्हॅलेंटाइन डे म्हटलं की ही माणसं तरुणपणी नाक मुरडायची. आता मुलं परदेशी, घर रिकामं, आणि मोबाइलवर ‘पत्नीसाठी बनवा शुगर-फ्री चॉकलेट मूस, फक्त दहा मिनिटांत’ असा व्हिडिओ आलेला. भाऊजींनी तो सात वेळा पाहिला. पहिली दहा मिनिटं वही घेऊन साहित्य उतरवण्यात गेली. मग रविवार पेठेतून खजूर, मंडईतून दोन अव्होकॅडो, ऑनलाइन वजनकाटा. कोको पावडर घरात होती, पण तिच्यावर ‘गोड नसलेली’ असं छापलेलं नव्हतं म्हणून दुसरी आणली.

शनिवारी दुपारी मी सहज डोकावले, तर ताई बाहेर सोफ्यावर बसलेली. तिला आत यायची बंदी होती, कारण सरप्राइज होतं. पण सरप्राइज दर दोन मिनिटांनी आतून हाक मारत होतं.

“अगं, आपल्याकडे व्हिस्क कुठाय?”

“रवी आहे. ताकाची. कपाटामागे खिळ्याला.”

“रवी नको, व्हिस्क!”

“मग नाहीये.”

थोड्या वेळानं रवी फिरल्याचा आवाज आला. मग वेलदोडे कुठल्या डब्यात, मग मिक्सरचं मधलं भांडं, मग मिक्सर का बंद पडला. खजूर भिजवायचा राहिला होता. चिकट खजुरात पातं अडकलं की मिक्सर जो आवाज काढतो, तो ऐकून ताई उठली आणि न बोलता त्याच्या बुडाचं लाल बटण दाबून परत येऊन बसली. तीस वर्षांच्या संसारात भाऊजींना त्या बटणाचा पत्ता नव्हता. बँकेत मात्र कुठलं बटण दाबल्यावर कुणाची फाइल अडते, हे त्यांना तोंडपाठ होतं.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर फेब्रुवारीत पुण्यात हा सगळा खटाटोप करायचं काही कारण नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ऐन भरात असते. शंभर ग्रॅममागे बत्तीसेक कॅलरी. वाटीभर चक्का घुसळायचा, वर फळं चिरून टाकायची, चिमूटभर वेलदोडा. झालं गोड. ताईला आवडतंही. पण त्यात पराक्रम नाही. साखर सोडलेल्या माणसाला पदार्थ करायचा नसतो, त्याला साखरेला हरवायचं असतं. आणि ते बघायला बायको समोर लागते.

संध्याकाळी मूस टेबलावर आलं. रंग काळपट, वर बदामाचे काप, बाजूला मेणबत्ती. ओट्यावर आठ भांडी, तीन चाळण्या आणि एक खलबत्ता. खलबत्ता कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. भाऊजींनी चमचा ताईच्या हातात दिला आणि ती खाते आहे की नाही हे न बघता बोलायला लागले. पंच्याऐंशी टक्के डार्क चॉकलेट. अव्होकॅडोमधलं चांगलं फॅट. साखर शून्य. शून्य म्हणताना त्यांनी बोटांनी शून्य करून दाखवलं.

ताई निवृत्त गणित शिक्षिका आहे. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि ज्या कोपऱ्यात ती दुधाचा हिशेब लिहिते तिथं पेन्सिलीनं मांडलं.

“खजूर किती?”

“पाव किलो. बिया काढून.”

“खजुरात वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश साखरच असते. धरा एकशे पासष्ट ग्रॅम. मध?”

“तीन मोठे चमचे. पण तो जंगली मध आहे.”

“जंगली असो नाहीतर पाळीव, पन्नास ग्रॅम साखर. दोनशे पंधरा झाले. चॉकलेट मी धरलंच नाही. मी शिरा करते तेव्हा वाटीभर साखर घालते. ती दीडशे ग्रॅम भरते. आणि शिरा चार जणांना पुरतो.”

भाऊजी म्हणाले, “पण ही नैसर्गिक आहे.”

हे अगदीच खोटं नाही. खजुरात तंतू असतात, शंभर ग्रॅमला सातेक ग्रॅम. अख्ख्या फळातली साखर जागतिक आरोग्य संघटनाही वरून घातलेल्या साखरेत मोजत नाही. मध मात्र मोजते. २०१५ च्या त्यांच्या शिफारशीत वरची साखर दिवसाला पंचवीसेक ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा लहान चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम, असं म्हटलंय. भाऊजींनी दोन माणसांच्या अख्ख्या दिवसाचा मध एका भांड्यात ओतला होता, तोही प्रेमानं.

मग ताईनं खाल्लं. एक चमचा, थोडं थांबून दुसरा. भाऊजींचा चेहरा ऑडिटर येऊन बसल्यासारखा झाला होता.

“खजूर चांगला आहे,” ती म्हणाली.

मराठी बायको पदार्थातल्या एकाच जिन्नसाची स्तुती करते तेव्हा बाकीच्यांचा निकाल लागलेला असतो. पण भाऊजींना ते कळलं नाही. ते इतके खूश झाले की मेणबत्ती विझवून स्वतः भांडी घासायला उठले. आठही. ताई बराच वेळ सिंककडे बघत राहिली. मूसकडे तिनं तसं एकदाही बघितलं नव्हतं.

यंदा, २०२६ मध्ये, दुसऱ्याच दिवशी रविवारी महाशिवरात्र होती. उरलेलं मूस फ्रीजमध्ये होतं. खजूर, बदाम, मध उपवासाला चालतात. कोकोबद्दल ताईनं कुणालाच विचारलं नाही. दुपारी मी पुन्हा गेले तेव्हा मूसची वाटी माझ्यासमोर सरकवण्यात आली. भाऊजी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी डिश संपवत होते, वर तूप, बाजूला बटाट्याची भाजी. साखरेच्या वहीत त्यांनी साबुदाण्याचा रकाना आखलेला नाही.