पाहा-काका

निवृत्तीनंतर जुन्या कागदांच्या नादी लागलेला एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. दिंडोशीच्या आमच्या नागरी निवाऱ्यातला आडनावांच्या नादी लागलाय. तीही माणसांची नव्हे, कंपन्यांची! 'थॅकर्स'सारख्या जुन्या डिरेक्टऱ्यांत कंपन्या अक्षरवारीने लागतात. त्यामुळे पाटीवरचं पहिलं आडनाव झटकन सापडतं, दुसरं बिचारं बुडतं. त्या बुडालेल्याला काका कार्डावर काढतात : 'टुब्रो – पाहा : लार्सन'. म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं पाहा-काका.

डेपोच्या रांगेत कुणीतरी 'ग्रीव्हज कॉटन म्हणजे ती कापूसवाली ना?' एवढंच म्हणालं. झालं! "कापूस? अहो, जॉर्ज कॉटन! १८५९ साली जेम्स ग्रीव्हजबरोबर भागीदारीत उतरलेला जिवंत माणूस! त्याचा कापूस करता?" बस आली, भरली, गेली. रांगेचा जीव कॉटनमध्ये अडकलेलाच.

'विको'वर त्यांचा विशेष राग. "विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. बापाचं नाव घातलं, आडनाव कुठाय?" मग कार्ड : 'पेंढरकर – पाहा : विको'. विकोच्या कार्डावर : 'पाहा : विष्णू'. विष्णूच्या कार्डावर : 'आडनाव नव्हे. पाहा : पेंढरकर'. या प्रदक्षिणेत एक दुपार गेली. दांडेकरांनी १९३१ साली 'दांडेकर अँड कंपनी' काढली आणि पुढे कॅमलिन झाले, हेही त्यांना सहन होत नाही. "सोन्यासारखं आडनाव काढून उंट बांधला!" नमस्कार फक्त किर्लोस्करांना. त्यांनी आडनावाची वाडीच वसवली.

घरातही तेच. काकू विचारतात, "गोळी घेतलीत?" उत्तर : "पाहा : फ्रीज." भाचीच्या लग्नात आहेराच्या पाकिटावर यांनी लिहिलं, 'कुलकर्णी – पाहा : देशपांडे'. सासरची मंडळी अजून पाहताहेत.

मी त्यांना टाळायचो. एकदा पावसाने त्यांच्याच घरात अडकलो, म्हणून गिरण्यांचा खोका पाहिला. पेटिट, ससून, खटाव, मोरारजी गोकुळदास : सगळे शेठ जागच्या जागी. शेवटी एक कार्ड, त्यावर काकांचंच आडनाव, आणि 'पाहा'च्या पुढे काहीच नाही. वडील साचाखात्यात होते. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले एक. "त्यांना कुठल्या पाटीखाली लावू?" काकांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच उत्तर ऐकायला थांबले.

मी काय सांगणार? गिरण्यांच्या जागी आता टॉवर आणि मॉल उभे आहेत. त्यांच्या पाट्यांवर तर शेठजींचंही आडनाव उरलेलं नाही; नुसत्या 'हाइट्स' आणि 'रेसिडेन्सी'. उद्याच्या पाहा-काकाला खोकाही लागायचा नाही.