पंखेबहाद्दर

पेठेतल्या म्हाताऱ्याला गुडघे, कोकणातल्या घराला भाऊबंदकी आणि गेमिंग लॅपटॉपवाल्याला पंखा. ज्याचं दुखणं त्याला जन्मभर पुरतं. त्यातल्या तिसऱ्या दुखण्याचा मानकरी म्हणजे पुण्याच्या सोसायट्यांतून हल्ली मजल्यागणिक सापडणारा पंखेबहाद्दर.

वय विशी ते पस्तिशी. शिक्षण इंजिनिअरिंग, झालेलं किंवा रखडलेलं. लॅपटॉप घेताना त्याने वडिलांना 'प्रोजेक्टला लागतो' असं सांगितलेलं असतं आणि वडिलांनी ते न पटताही हप्ते भरलेले असतात. प्रोजेक्ट यथावकाश संपतो. 'सायबरपंक २०७७' मात्र संपता संपत नाही.

ओळखायला सोपा. चारचौघांत गप्पा मारताना त्याचा एक कान कायम दुसरीकडे असतो. कुठे काही घरघरलं की मान तिरकी होते. लिफ्टमधला पंखा असो, बँकेतला एसी असो की मंगल कार्यालयातला एक्झॉस्ट, हा गंभीर चेहऱ्याने निदान करतो, "बेअरिंग गेलंय." बहुतेक वेळा ते गेलेलंच असतं, हे त्याचं दुर्दैव. त्यामुळे त्याचा स्वतःवरचा विश्वास वाढतो.

दुसरी खूण म्हणजे आकडे. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर अखंड चालू असतं. गेममध्ये शत्रू पुढ्यात उभा असतो आणि याची नजर त्या कोपऱ्यात, त्यामुळे शत्रूचं आयतंच फावतं. जिन्यात भेटल्यावर "काय रे, बरंय ना?" असं विचारलं तर म्हणतो, "कसलं बरं! काल रात्री अठ्ठ्याण्णववर गेला." शेजारच्या काकू धीर देतात, "अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मलच रे बाळा. शंभरच्या वर गेला तर बघू." हा बोलतो सेल्सिअसमध्ये, काकू फॅरनहाइटमध्ये. पण शंभर सेल्सिअसच्या आसपास बहुतेक प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद पाडतात. तेव्हा काळजी शंभरच्या पुढे करायची, हा काकूंचा सल्ला चुकून का होईना, बरोबरच असतो.

दुखणं सुरू होतं ते पलंगावर. लॅपटॉप गोधडीवर पसरलेला असतो. हवा आत घ्यायच्या जाळ्या त्याच्या बुडाशी, आणि खाली थोडी मोकळी जागा राहावी म्हणून रबराचे बुटके पाय. ते पाय गोधडीत रुततात, जाळ्या बंद होतात आणि मशीन किंचाळू लागतं. स्वयंपाकघरातून आई विचारते, "अरे, मिक्सर कोणी लावलाय?" हा अभिमानाने सांगतो, "टर्बो मोड आहे गं!" पुढे त्या किंचाळण्यात खरखर मिसळते. प्राथमिक उपचार ठरलेले. आधी डाव्या बाजूला एक थाप. मग उभा धरून फुंकर. मग निळे दिवे लागणारा कूलिंग पॅड, तोही गोधडीवरच. एके दिवशी मशीन सुरू करताना पडद्यावर काळी पाटी येते: पंखा नीट चालत नाही, तरी पुढे जायचं असेल तर एंटर दाबा. हा एंटर दाबतो. पाटी रोज येते, हा रोज एंटर दाबतो. लॅपटॉपने सांगितलेलं ऐकायचं नाही, एवढा नेम तो न चुकता पाळतो.

मग शस्त्रक्रियेचा रविवार उगवतो. डायनिंग टेबलावर 'सकाळ'ची पुरवणी अंथरली जाते. स्क्रू लांब-तोकडे असतात आणि ज्याचा त्याला लागला नाही तर मदरबोर्डला छिद्र पडायची भीती, म्हणून ते खणाखणांत ठेवायला तो आजीचा गोळ्यांचा डबा उचलतो. सोमवारच्या खणात बुडाच्या पत्र्याचे, मंगळवारच्यात बॅटरीचे, बुधवारच्यात पंख्याचे. दुपारी आजी चष्मा लावून गुरुवारच्या खणात बघते आणि विचारते, "ही बारकी गोळी डॉक्टरांनी नवीन दिली का रे?"

झाकण निघालं की त्याला व्याख्यानाची उबळ येते. स्क्रूड्रायव्हर तांब्याच्या चपट्या नळीवर टेकवून तो सांगतो, "आई, या नळीत पाणी आहे." आई आधी टेबल पुसायला फडकं घेते. मग तो समजावतो: नळीतली हवा काढून घेतलेली असते आणि आत पाण्याचे जेमतेम काही थेंब. चिपच्या बाजूला त्यांची वाफ होते, दुसऱ्या टोकाला जाळीपाशी ती थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि परत येतं. अशी उष्णता वाहून नेणारी नळी १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत तयार झाली. मोटर नाही, पंप नाही, बिघडण्यासारखं काही नाही. आई शांतपणे विचारते, "मग एवढी सोय असून तापतो कशाने?"

सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हा एवढाच. पण तो आईने विचारलेला असल्यामुळे त्याला उत्तर मिळत नाही. पंखेबहाद्दर पंखा उपसून खिशात घालतो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठतो.

तपकीर गल्लीतला काउंटरमागचा माणूस निर्विकार असतो. "मॉडेल?" हा सांगतो. "लेफ्ट का राइट?" हा विचारात पडतो. "पाच व्होल्ट का बारा?" आता हा रुमालात गुंडाळलेला जुना पंखा काउंटरवर ठेवतो. एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्ड बदललं की पंखाही बदलू शकतो, आणि डावा पंखा उजवीकडे बसत नाही, हे ज्ञान त्याला तिथे उभ्या उभ्या होतं. "ओरिजिनल आहे, कॉपी आहे आणि ओरिजिनलसारखी कॉपी आहे," दुकानदार सांगतो. हा तिसरी घेतो. "वॉरंटी?" "चेकिंग वॉरंटी." म्हणजे काउंटरवर फिरला, विषय संपला. पंखा फिरतो. विषय संपतो.

घरी आल्यावर दोन दिवस स्मशानशांतता. तो आवाज ऐकायला नाही, तर न आलेला आवाज ऐकायला घरच्यांना बोलावतो. आणि काही महिन्यांनी खरखर परत.

कारण साधं आहे. पंख्याला चार वायरी असतात. दोन विजेच्या, एक किती जोरात फिर ते सांगणारी आणि एक किती फिरतोय ते कळवणारी. पंखा इमानदारीने कळवतो, मी फिरतोय. हवा पुढे जातेय का, हे त्याला कोणी विचारतच नाही. ती जात नसते, कारण पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या सांध्यात, बाहेरून कधीही न दिसणाऱ्या जागी, राखाडी नमद्यासारखी एक जाड पट्टी बसलेली असते. चिमट्याने ओढली तर ती अख्खी निघते. नीट पाहिलं तर तीत गोधडीचे लाल धागे आणि मांजराचे केस वेगवेगळे ओळखू येतात. या पट्टीपायी चिप तापते, चिप तापली की पंख्याला पूर्ण वेगाचा हुकूम सुटतो. तो रात्र रात्र गरम हवेत धावतो, बेअरिंगमधलं तेल आटतं आणि नवा कोरा पंखा जुन्याच रोगाने जातो. पंखेबहाद्दर मयताला दोष देतो आणि पुढचा आणायला निघतो.

मधल्या काळातले त्याचे उपाय तर रोगाला हातभार लावणारे. कुणाचा तरी ब्लोअर आणून तो जाळीत हवेचा झोत सोडतो. पाती अडवलेली नसतात, पंखा शिट्टी मारत आपल्या मर्यादेपलीकडे गरगरतो आणि ती शिट्टी ऐकून याला कृतार्थ वाटतं. बेअरिंगचे मात्र तेवढ्यात हाल होतात. एकदा बेअरिंगमध्ये खोबरेल तेल घालून बघतो. पुण्याच्या डिसेंबरात खोबरेल बाटलीत गोठतं, तसं बेअरिंगमध्येही, आणि थंडीच्या सकाळी पंखा जागचा हलायला तयार नसतो. चिपवरची थर्मल पेस्ट बदलताना सढळ हात. चिपांवरचे थर्मल पॅड अर्ध्या मिलिमीटरने जाड मिळाले तरी "चालतंय की." मग अख्खा हीटसिंक तेवढाच अधांतरी राहतो आणि आकडे आणखी चढतात.

आरोपींची यादी लांबलचक. कंपनी, विंडोजचा अपडेट, शेजारच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट, आईची फोडणी, आजीची उदबत्ती. शेवटच्या तिघांत थोडं तथ्य आहे. धूळ नुसती असेपर्यंत उडून जाते. तेलाचा नि धुराचा थर तिला चिकटायला शिकवतो. पण हे धरून तो देवघर दुसऱ्या खोलीत हलवायची सूचना मांडतो तेव्हा आजी ऐकवते, "इतकी वर्षं देवापुढे उदबत्ती लावतेय, देव कधी गरम झाला नाही." गोधडीचं नाव त्या यादीत कधीच नसतं.

याच जिन्यात वरच्या मजल्यावर आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी राहते. तोच लॅपटॉप, त्याच वर्षी घेतलेला. तो टेबलावर असतो, मागच्या बाजूला खाली दोन वह्या सरकवलेल्या. गेम खेळते, पण फ्रेम साठवर बांधून, कारण तिचा स्क्रीन त्याहून जास्त दाखवतच नाही. सहा-आठ महिन्यांनी मागचा पत्रा काढते, टूथपिकने पाती अडवून धरते, ती राखाडी पट्टी चिमट्याने उचलते, ब्रश फिरवते आणि झाकण लावते. पंखे अजून कारखान्यातून आलेले तेच. पंखेबहाद्दर तिच्याकडे येऊन कान लावून ऐकतो, आकडे बघतो आणि खिन्न होऊन म्हणतो, "तुझा पीस चांगला निघाला."

हा माणूस मुळात आळशी नाही, बिनडोक तर नाहीच. मोडलेलं बदलण्यात त्याला पराक्रम दिसतो आणि साफसफाईत कमीपणा, एवढीच त्याची अडचण. ही अडचण काही एकट्याची नाही, दर पावसाळ्यानंतर तेच खड्डे बुजवणाऱ्यांची सुद्धा तीच आहे.

तेव्हा तुमच्या घरात असा कोणी असेल तर पुढच्या पंख्याला पैसे देण्याआधी एक अट घाला: आधी जाळीतली पट्टी आणून दाखव. आणि गोधडी त्याच्याकडून काढून घ्या. ती माणसांच्या अंगावर घालायची असते.