शिक्का आहे, बोट येईल

पंचकुल्यापासून समुद्र हजार किलोमीटरच्याही पलीकडे आहे. पावसाळ्यात घग्गरला पाणी आलं की लोक पुलावर गाड्या थांबवून ते बघतात. एरवी तिच्या पात्रात म्हशी चरतात. बोटीत बसायची हौस असेल तर मोरनीच्या डोंगरात टिक्करतालला जावं, नाहीतर शेजारी चंदीगडच्या सुखना तलावात पायडल मारावं. अशा या गावात, झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या एका दुकानात, मी परवा एका समुद्रपर्यटन करणाऱ्या बोटीचा शिक्का तयार होताना पाहिला.

शिक्का गोल. मधोमध नांगर. वरच्या कमानीत बोटीचं नाव, खालच्या कमानीत 'पोर्ट ऑफ रजिस्ट्री : पंचकुला'. दुकानदार विचारत होता, "नांगर थोडा मोठा करू?"

करून घेणारे होते आमच्या सेक्टरातले कॅप्टन. तुमच्याही सोसायटीत एक असतील. बँकेतून निवृत्त, मुलगा कॅनडात, हातात सदैव चेनची फाइल. त्यांची बोट आहे, पण ती गोव्यात, आणि तीन भागीदारांत. शीड फाटलंय. इंजिन दुरुस्तीला दिलंय, आणि चवथीला गावी गेलेला मेकॅनिक अजून फोन उचलत नाही. शिक्का मात्र आजच हवा.

"कॅप्टन, बोटीच्या आधी शिक्का?"

"अहो, बोट बघतो कोण? परदेशी बंदरात पहिल्यांदा कागद बघतात."

दुःख हे की कॅप्टनचं म्हणणं खरं आहे. नोंदणीचा दाखला मूळच लागतो, झेरॉक्सवर भागत नाही. बोटीवरच्या माणसांच्या यादीच्या पाच-सहा प्रती लागतात, कारण प्रत्येक टेबलाला स्वतःची प्रत हवी असते. पासपोर्ट, विमा, वायरलेसचा परवाना. मालक बोटीवर नसेल तर त्याचं अधिकारपत्र. म्हणजे कॅप्टनना दोन पत्रं लागणार, आणि त्यातला एक भागीदार त्यांच्याशी बोलत नाही. शिवाय मागच्या बंदराचा पोर्ट क्लिअरन्स, जो नसेल तर पुढचं बंदर दारात उभं करत नाही. हे सगळं होईपर्यंत डोलकाठीवर पिवळं निशाण लावायचं, कॅप्टनने एकट्याने किनाऱ्यावर जायचं आणि बाकीच्यांनी बोटीतूनच नारळाची झाडं मोजायची. या यादीत शिक्का कुठेही नाही. तरीही जगभर शिडाच्या बोटी घेऊन हिंडणारी अनुभवी माणसं निघताना बोटीचा शिक्का करून घेतात. टेबलामागच्या माणसाला कागदावर गोल काहीतरी उमटलेलं दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडतो, हे त्यांनी बंदरोबंदरी पाहिलेलं असतं. बंदरांत जहाजांचा कागदी छळ कमी व्हावा म्हणून 1965 साली देशादेशांनी एक करार केला. त्यातून सात ठरावीक फॉर्म निघाले. छळ कमी करायला सात! 1 जानेवारी 2024 पासून तर ही माहिती एकाच ऑनलाइन खिडकीतून द्यायची असं बंधन आलं. ठीक आहे. खिडकीत भरा, प्रिंट काढा, शिक्का मारा आणि टेबलावर ठेवा.

मी भीत भीत एवढंच म्हणालो, की पंचकुल्याला बंदर नाही.

"स्वित्झर्लंडला आहे?" कॅप्टन उसळले. स्विस जहाजांच्या मागच्या बाजूला बंदर म्हणून बाझल लिहितात, आणि मंगोलियाच्या जहाजांवर उलानबातर. मंगोलियाचं नोंदणीचं कामकाज चालतं सिंगापुरातून. समुद्र नसलेल्या देशालाही स्वतःचं निशाण लावून जहाज चालवायचा हक्क आहे, हे 1921 साली बार्सिलोनात मान्य झालंय. मग पंचकुल्याने काय घोडं मारलं? आपल्या कायद्यात नोंदणीची बंदरं ठरलेली आहेत आणि त्यांत पंचकुला नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर माझ्याच डोक्यात पंचकुला बंदर उभं राहू लागलं होतं. घग्गरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलं. टिक्करतालहून पायलट आला आणि त्याने पेट्रोलचे पैसे वेगळे मागितले. रहिवासी संघाने ना-हरकत प्रमाणपत्रासाठी मेंटेनन्सची थकबाकी आधी भरायला सांगितली. अभ्यागतांनी बोटी गेटबाहेर लावाव्यात, असा फलक लागला. खिडकीतल्या बाबूने मान वर न करता विचारलं, "मागचं बंदर?" कॅप्टन म्हणाले, "झिरकपूर." "पुढचं?" "कालका." "झिरकपूरचा क्लिअरन्स कुठंय?" आणि कॅप्टननी शांतपणे फाइलची चेन उघडली, कोरा कागद काढला आणि त्यावर नांगर उमटवला. बाबूने तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "नांगर जरा फिका आलाय."

तसा हा खेळ आपल्या किनाऱ्याला जुनाच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात कर्ताज चालू केला. कप्तान कोण, माणसं किती, हत्यारं कोणती, निघालात कुठे, सगळं त्यात लिहिलेलं. कर्ताज नसेल तर गलबत जप्त. समुद्र त्यांच्या बापाचा नव्हता, कागद मात्र होता. पुढे मराठी आरमाराने स्वतःची दस्तकं चालवली, तेव्हा गोऱ्या व्यापाऱ्यांना ती चाचेगिरी वाटली.

इथवर हसून झालं. पण दुकानदाराने कॅप्टनना नमुना दाखवायला ड्रॉवर ओढला, त्यात आधीच शिक्क्यांची रांग होती. 'मास्टर'. 'चीफ इंजिनियर'. 'मेडिकल ऑफिसर'. कॅप्टनकडे त्याने बोटीचा एकही कागद मागितला नव्हता, तसा तो या शिक्क्यांच्या गिऱ्हाइकांकडेही मागितला नसणार. उलट, रत्नागिरीचा तांडेल नोंदणी, परवाना, खलाशांची कार्डं असं सगळं झाकणाच्या बरणीत घालून केबिनमध्ये ठेवतो, कारण खारं पाणी लागलं की कागदाचा लगदा होतो. रात्री-अपरात्री भर समुद्रात गस्तीची बोट आडवी येते तेव्हा टॉर्चच्या उजेडात, ओल्या हातांनी तो ती बरणी उघडतो. तपासायला हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की समुद्रात पोटासाठी गेलेल्याला दहा कागद आणि समुद्र विकायला बसलेल्याला एकही नाही! हा एजंट बसतो समुद्रापासून कोसो दूर, पहिल्या मजल्यावर, एसीत. भिंतीवर लाकडी सुकाणू, टेबलावर काचेच्या बाटलीत जहाज. समोर हरियाणातला नाहीतर साताऱ्या-सांगलीचा पोरगा आणि जमीन गहाण टाकून आलेला त्याचा बाप. लाखांत रक्कम ठरते, रोख. मग एक सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, हातात पडते, तिच्यावर सुरेख गोल शिक्का. पोरगा कुठल्या तरी परक्या बंदरात उतरतो आणि तिथल्या टेबलावर कळतं की कागद बनावट आहे. गुन्हा त्याच्यावर. एजंटचा फोन बंद. पुढच्या महिन्यात त्याच मजल्यावर नवी पाटी, नवं नाव, तेच सुकाणू.

कॅप्टनचा शिक्का निरुपद्रवी आहे. त्यांची बोट मांडवीच्या बाहेर पडेल असं मला वाटत नाही. या दुसऱ्या शिक्क्यांसाठी मात्र, मुलाला 'मर्चंट नेव्हीत घालायला' निघालेल्या आईबापांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खलाशांची भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल परवाना लागतो. त्याचा नंबर मागा आणि सरकारी यादीत स्वतः ताडून बघा. आणि खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2015 साली स्वीकारला आहे. त्यानुसार पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च पोराचा. नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. ज्याने मागितला, तो खोटा. तिथून उठा.